टक्क होतं, पण गाडी चालू होत नाही

सकाळी साडेसहाला चावी फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लागले, मागच्या सीटखालून पेट्रोलच्या पंपाची गुणगुण आली आणि पुढे फक्त एक ‘टक्क’. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्क’. तिसऱ्या वेळी गाडी अशी चालू झाली, की जणू काही झालंच नव्हतं.

आमच्या दहा-अकरा वर्षं जुन्या पेट्रोल हॅचबॅकने हा खेळ मला पाच महिने दाखवला. कधी आठवड्यातून दोनदा, कधी पंधरा दिवस काहीच नाही. गॅरेजात नेली, की एका सेल्फमध्ये चालू. डॉक्टरच्या दारात गेल्यावर दाढ दुखायची थांबते, त्यातला प्रकार.

या पाच महिन्यांत मी नवी बॅटरी घेतली, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) उतरवून त्याचे कार्बन आणि बुश बदलून घेतले, इग्निशन स्विच बदलला. दोष यातल्या कशातच नव्हता. तो होता हातभर लांबीच्या एका काळ्या केबलमध्ये. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही, कारण बाहेरून ती धडधाकट होती. यात मला स्वतःची लाज वाटते ती वेगळ्याच कारणाने. मी नववीच्या मुलांना ओहमचा नियम शिकवतो. दरवर्षी फळ्यावर तेच विभवांतर, तीच विद्युतधारा, तोच रोध. आणि स्वतःच्या गाडीची वेळ आली तेव्हा वस्तू बदलत बसलो, मोजलं काहीच नाही.

तर हे मोजण्याबद्दल. पाचशे रुपयांच्या आतला डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा पाना आणि चावी फिरवायला घरातलं एक माणूस, एवढं पुरतं.

आधी कान द्या

गॅरेजात स्टार्टर मोटरला ‘सेल्फ’ म्हणतात. ‘सेल्फ स्टार्टर’मधला स्टार्टर गळून पडला आणि सेल्फ तेवढा राहिला. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने घडवलेला विजेचा स्टार्टर आला, त्याआधी पुढून हँडल घालून इंजिन हाताने फिरवावं लागे. आमच्या वडिलांच्या पिढीने अँबॅसॅडरला हँडल मारलेलं आहे. तेव्हा निदान दोष कुठे आहे ते मनगटाला कळायचं. आता ते काम कानाने करायचं.

भरभर ‘टकटकटकटक’, ताशा वाजल्यासारखं: बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा तिचं टर्मिनल सैल असतं. सेल्फवरचा सोलेनॉइड, म्हणजे मोटरला वीज जोडणारा विजेवरचा स्विच, थोड्या विजेवर ओढला जातो. त्याचे संपर्क जुळले, की मोटर एकदम शंभर-दीडशे अँपिअर मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो. तो सुटला, की व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि सोलेनॉइड पुन्हा ओढला जातो. सेकंदाला अनेकदा हेच.

एकच ‘टक्क’ आणि शांतता: सोलेनॉइडपर्यंत हुकूम पोचला, पण मोटर फिरली नाही. सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे संपर्क जळाले असतील, मोटरचे कार्बन झिजले असतील, मोटर अडकली असेल, नाहीतर जाड केबलच्या वाटेत कुठेतरी अडथळा असेल. हा सगळ्यात फसवा आवाज, आणि आमचा तोच होता.

काहीच आवाज नाही: हुकूमच पोचला नाही. इग्निशन स्विच, सेल्फचा रिले (विजेने चालणारा छोटा स्विच), फ्यूज, क्लचचा स्विच, ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा स्विच, यांच्याकडे बघा.

मोकळी ‘घर्रर्र’, पण इंजिन हलत नाही: सेल्फचं बेंडिक्स, म्हणजे इंजिन फिरवणारं छोटं दातेरी चाक, इंजिनच्या दातांना लागत नाही. हा विजेचा दोष नव्हे, सेल्फ उतरवावाच लागतो.

इंजिन छान फिरतं पण पेटत नाही: मग बॅटरी आणि सेल्फ यांना सोडून द्या. त्याबद्दल पुढे थोडं लिहिलं आहे.

रात्र असेल तर गाडी भिंतीकडे तोंड करून लावा, हेडलाइट चालू करा आणि सेल्फ मारा. दिवे पार मंदावले तर वीज मागितली जाते आहे, पण बॅटरीला देता येत नाही. दिवे पूर्ण विझले तर बहुधा बॅटरीचं टर्मिनल सैल आहे. आणि दिव्यांना काही फरकच पडला नाही, तर वीज मोटरपर्यंत जातच नाही. आमच्या गाडीचे दिवे प्रत्येक ‘टक्क’ला किंचित लुकलुकायचे आणि तसेच लखलखीत राहायचे. ही खूण माझ्यासमोर पहिल्या आठवड्यापासून होती. तरीही मी बॅटरीच बदलली.

बॅटरीचा आकडा

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीच्या दोन टोकांत १२.६ व्होल्ट मिळतात. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली तर ती उतरली समजा. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर हा आकडा फुगलेला येतो. दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, जरा थांबा आणि मग मोजा.

पण नुसता हा आकडा पाहून बॅटरी पास किंवा नापास करू नका. एखादा सेल आतून गेलेली बॅटरी ओझं नसताना १२.५ दाखवते आणि सेल्फ मारताच ७ वर येते. म्हणून मीटरच्या दोन्ही वायरी बॅटरीच्या टोकांवर धरून घरच्यांना सेल्फ मारायला सांगा. साडेनऊच्या वर राहिली तर बॅटरीकडे शक्ती आहे. त्याखाली गेली तर आधी ती नीट चार्ज करून पुन्हा मोजा. चार्ज करूनही कोसळत असेल तर ती बदलायला झाली.

आता तिसरी शक्यता, जी कोणी सांगत नाही. सेल्फ मारला, मोटर फिरली नाही आणि बॅटरी मात्र साडेअकराच्या वरच राहिली. याचा अर्थ बॅटरीकडून कोणी काही मागितलंच नाही. मोटर अडकली असती तर तिने भरपूर वीज खेचली असती आणि बॅटरी खाली आली असती. ती जागची हलली नाही, म्हणजे वाट बंद आहे. अशा वेळी नवी बॅटरी घेणं म्हणजे नळाला पाणी येत नाही म्हणून धरण वाढवणं.

आमची बॅटरी ‘टक्क’ होताना ११.९ वर होती. हे मी मोजलं ते नव्या बॅटरीचे पैसे देऊन झाल्यावर.

टेस्ट लॅम्प खोटं का बोलतो

दुसऱ्या गॅरेजातल्या वायरमनने टेस्ट लॅम्प काढला, एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं इंजिनला लावलं. दिवा पेटला. “अर्थिंग ओके आहे सर,” म्हणाला. अर्थिंग म्हणजे इंजिनपासून बॅटरीच्या मायनसकडे जाणारी विजेची परतीची वाट. मीही घरी येऊन मीटर बीपवर ठेवून तेच केलं. बीप वाजला. दोघांची चूक एकच.

टेस्ट लॅम्पला फार तर एखादा अँपिअर लागतो. मीटरच्या बीपला त्याहूनही कितीतरी कमी. केबलमधल्या शंभर तारांपैकी दोन शाबूत असल्या तरी एवढी वीज आरामात जाते. सेल्फला मात्र छोट्या पेट्रोल गाडीत शंभर ते दीडशे अँपिअर लागतात, डिझेलमध्ये त्याहून बरेच जास्त. १५० अँपिअरच्या वाटेत ०.०२ ओहम इतका क्षुल्लक रोध असला तरी तिथे ३ व्होल्ट खर्च होतात. बारापैकी तीन! आणि स्वस्त मल्टिमीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.३ ओहम वगैरे दाखवतो, त्याला ०.०२ कुठला दिसायला? म्हणजे रोध मोजून हा दोष सापडणार नाही. वीज वाहत असताना व्होल्ट कुठे गळतात तेच बघावं लागतं.

पद्धत सोपी आहे, पण आधी काळजी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवलेलं, फॅन आणि बेल्टपासून वायरी लांब. इंजिन चालू होऊ नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून ठेवा. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर सेल्फ तापून वेगळंच दुखणं सुरू होईल.

मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजमध्ये ठेवा. काळी वायर बॅटरीच्या मायनस खांबावर. क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या खांबावर. लाल वायर इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग किंवा तेलाचा थर नसलेल्या जागी. आता सेल्फ मारा. मीटरने ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवलं तर अर्थिंगची बाजू चांगली. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेलं तर दोष तिथे आहे.

मग प्लसची बाजू. लाल वायर बॅटरीच्या प्लस खांबावर, काळी सेल्फच्या जाड बोल्टवर, म्हणजे बॅटरीची केबल जिथे येते त्या ३० नंबरच्या टर्मिनलवर. सेल्फ मारताना इथेही आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. काळी वायर सोलेनॉइडच्या दुसऱ्या जाड बोल्टवर, मोटरकडे वीज जाते तिथे नेली, की सोलेनॉइडचे आतले संपर्कही मोजले जातात. पहिल्या बोल्टवर ०.२ आणि दुसऱ्यावर एकदम ३-४ व्होल्ट आले, तर सोलेनॉइड गेला.

डिजिटल मीटर जरा संथ असतो. मी मोबाइल स्टँडवर ठेवून मीटरचा व्हिडिओ काढत होतो. शेजाऱ्यांना वाटलं मी चॅनल सुरू केलंय.

आमच्या गाडीचं काय झालं

आता मूळ कथा. आमचं घर चिपळूणला. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात गाडी चढावर होती म्हणून वाचली, पण पाणी चाकांच्या निम्म्याच्या वर आलं होतं. आम्ही तेव्हा सेल्फ मारला नाही. गाडी ओढून नेली, तेलं बदलली, आतलं सगळं धुवून वाळवलं. दोन वर्षं काही तक्रार नव्हती. त्यामुळे हा ‘टक्क’ सुरू झाला तेव्हा पुराची आठवणही कोणाला झाली नाही.

शेजारी एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका राहतात. गाडी अडली, की ते त्यांची गाडी घेऊन येत, जंपर केबल लावत आणि आमची गाडी झटक्यात चालू होई. “सर, बॅटरी उतरलीय तुमची, किती दिवस ढकलणार?” काकांची पद्धत अगदी शास्त्रशुद्ध: लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं काळं टोक आमच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या लोखंडाला. ठिणगी उडालीच तर ती बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनपासून लांब उडावी म्हणून असं करतात.

आणि नेमकं त्यामुळेच आम्ही फसलो. ते काळं टोक थेट इंजिनला लागल्यामुळे आमची खराब अर्थिंग केबल बाजूला पडत होती. विजेला परतीची नवी वाट मिळत होती. काकांची बॅटरी आम्हाला लागतच नव्हती, लागत होती ती त्यांची केबल! जंपर लावून चालू होणारी प्रत्येक गाडी बॅटरीमुळेच अडलेली असते असं नाही, हे तेव्हा कळलं. खात्री करायची तर काळं टोक आधी बॅटरीच्या मायनसला लावून सेल्फ मारा आणि मग इंजिनला लावून. पहिल्या वेळी ‘टक्क’ आणि दुसऱ्या वेळी चालू, म्हणजे अर्थिंग. याहून सोपं म्हणजे एकच जंपर केबल घ्या, एक टोक स्वतःच्या बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनला. दुसऱ्या गाडीची गरजच नाही.

नवी बॅटरी बसवल्यावर तीन आठवडे गाडी गुणी बाळासारखी वागली. कारण बॅटरी काढता-घालताना ती केबल हलली आणि आतल्या कुजक्या तारा जरा जुळल्या. सेल्फ उतरवून बसवल्यावरही पंधरा दिवस तसंच. हे फार वाईट असतं. बदललेल्या प्रत्येक वस्तूला बरं केल्याचं श्रेय मिळत जातं आणि आपण पुढच्या वस्तूकडे सरकतो.

आणखी एक खूण हाती आली होती, ती सौभाग्यवतींमुळे. एका सकाळी सात-आठ वेळा सेल्फ मारून झाल्यावर बोनेट उघडं असताना तिचा हात क्लचच्या केबलला लागला. “ही गरम का?” इंजिन तर थंडगार होतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीपासून विजेच्या दृष्टीने वेगळं. त्याची स्वतःची अर्थिंग तुटली, की वीज मिळेल त्या धातूच्या वाटेने परत जायला बघते, आणि क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलचं लोखंडी आवरण ही तशी एक वाट. अशी केबल तापलेली लागली तर दुसरं काही तपासायच्या आधी इंजिनची अर्थिंग बघा. कधीकधी ती केबल आतून वितळून क्लच जड होतो आणि लोक क्लच दुरुस्त करत बसतात.

मग मी मीटर गाडीतच ठेवला आणि वही केली. तारीख, वेळ, पाऊस की ऊन, इंजिन गार की गरम, किती वेळा ‘टक्क’, आणि बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंतचे व्होल्ट. पहिल्याच दिवशी गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली, तरीही आकडा आला १.१. हवा होता ०.२ च्या आत. म्हणजे गाडी ‘बरी’ असतानाही दोष दिसत होता. अधूनमधून दिसणाऱ्या दोषासाठी गाडी अडण्याची वाट बघायला नको, हे या मोजणीचं खरं मोल. अकराव्या दिवशी ती अडली आणि मीटरवर ८.३ आले. बाराच्या बॅटरीतले सव्वाआठ व्होल्ट परतीच्या वाटेवरच संपत होते, सेल्फच्या वाट्याला उरत होते जेमतेम साडेतीन.

मग वाट तुकड्यातुकड्याने मोजली. बॅटरीच्या खांबापासून क्लॅम्पपर्यंत ०.०३. क्लॅम्पपासून गिअरबॉक्सवरच्या केबलच्या लगपर्यंत, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीपर्यंत, ७.४. लगपासून गिअरबॉक्सच्या धातूपर्यंत ०.९. बेरीज जुळली. वर्गात प्रयोग कधी इतका जुळत नाही.

केबल काढून सोलली. गिअरबॉक्सकडच्या टोकापासून चांगल्या वीतभर अंतरापर्यंत तांब्याच्या तारा काळ्या-हिरव्या, बोटाने चुरडल्या तर पावडर. पुराचं पाणी लगच्या तोंडातून आत शिरलं होतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं तारांतून वर चढलं होतं. बाहेरच्या आवरणावर साधा ओरखडाही नव्हता.

नवी केबल बॅटरीवाल्याकडून करून घेतली, पूर्वीपेक्षा थोड्या जाड तांब्याची. लग नुसते ठोकून चपटे केलेले नाहीत, प्रेसने दाबलेले, त्यावर गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट घट्ट केला आणि मग वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी नाही, नंतर. खर्च चारशेच्या आत. त्याआधीच्या वायफळ खर्चाची बेरीज मी वहीत लिहिलेली नाही.

टर्मिनलवर पांढरं-निळं फूल, म्हणजे क्षारांचा थर, आलेलं असेल तर मात्र एवढं काही करायला नको. आधी मायनस सोडवा, मग प्लस. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा, लावताना आधी प्लस. क्लॅम्प हाताने जराही फिरता कामा नये.

हुकूम पोचत नसेल तेव्हा

सेल्फ पूर्ण गप्प असेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर, ५० नंबरच्या टर्मिनलवर, चावी फिरवताना व्होल्ट येतात का ते बघा. बॅटरीइतके येत असतील आणि तरी ‘टक्क’ही नसेल तर सोलेनॉइड गेला. काहीच येत नसेल तर मागे मागे जा. सेल्फचा रिले हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून बघा, पण दोन्हींवरचा नंबर आणि पायांची रचना एक असेल तरच. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ न देणाऱ्या गाड्यांत पेडलवरचा छोटा स्विच बिघडतो, किंवा खाली घातलेली जाडजूड रबरी मॅट पेडल पूर्ण जाऊ देत नाही. हसू नका, एका सहकाऱ्याच्या गाडीचं एवढंच निघालं.

ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये गप्प आणि न्यूट्रलमध्ये चालू होत असेल तर गिअरचा स्विच. बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीत ब्रेक दाबल्यावर मागचे ब्रेकलाइट लागतात का ते बघा. ते लागत नसतील तर ब्रेकचा स्विच गेला असण्याची शक्यता मोठी, कारण ब्रेक दाबलाय हे गाडीला कळतच नाही. चावीतला सेल संपला असेल तर बऱ्याच गाड्यांत चावी थेट बटणाला टेकवून गाडी चालू होते.

सेल्फ फिरतो, इंजिन पेटत नाही

चावी ऑन केल्यावर दोन सेकंद पंपाची गुणगुण यायला हवी. येत नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत राहिलं तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखत नाही; दुसरी चावी वापरून बघा, आणि चावीच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती बाजूला काढा. गाडी गार असताना चालू होते, लांबच्या प्रवासात चहाला थांबल्यावर चालू होत नाही आणि अर्ध्या तासाने पुन्हा होते, असं असेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगतो तो) संशय घ्या. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा मुळीच हलत नसेल तर आणखी.

पावसाळ्यात यात उंदरांची भर. बोनेटखाली उबदार, कोरडं, आणि वायरी कुरतडायला. फ्यूज बदलला, की लगेच उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नका. हार्नेसवर, म्हणजे वायरींच्या जुडग्यावर, कुरतडलेली जागा शोधा, बॅटरीमागे आणि इंजिनच्या वरच्या कव्हरखाली आधी. मोठा फ्यूज घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते

मुंबईकर भाऊ गणपतीला येतो, गाडी आठ दिवस आंब्याखाली उभी राहते आणि निघायच्या सकाळी टकटकटक. बंद गाडीही घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटरची स्मृती यांसाठी थोडी वीज घेतेच, साधारण २० ते ५० मिलिअँपिअर. ५० धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी होईल, पण आठवड्यात मरणार नाही. ३०० मिलिअँपिअर जात असतील तर दिवसाला ७.२, आणि तिसऱ्या दिवशी बॅटरी अर्ध्यावर.

मोजायचं तर मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मायनस केबल आणि बॅटरी यांच्या मध्ये जोडा. या स्थितीत चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज तरी उडेल नाहीतर मीटरच जाईल. दारं बंद, चावी लांब, आणि अर्धा तास थांबा. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मग एकेक फ्यूज काढत जा. आकडा ज्या फ्यूजला खाली येतो, त्या वाटेवर चोर आहे. भावाच्या गाडीत तो डिकीतला दिवा निघाला. डिकी बंद केल्यावर दिवा विझतो का हे बघायला मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो आत ठेवला आणि डिकी लावली. व्हिडिओत सगळं लख्ख. बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस आणि म्युझिक सिस्टिम हेही नेहमीचे संशयित. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो त्याचा) डायोड गळत असेल, कारण त्याची जाड वायर बहुधा वेगळ्या वाटेने थेट बॅटरीला जाते.

अल्टरनेटर चार्ज करतो का हे बघायला इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्ट मोजा. १३.८ ते १४.५ हवेत, आणि हेडलाइट, एसी लावल्यावर तेराच्या खाली जाता कामा नयेत. नव्या काही गाड्यांत कॉम्प्युटर हा आकडा मुद्दाम वर-खाली करतो, त्यामुळे एकाच मोजणीवर निकाल देऊ नका. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून ‘डायनॅमो तपासायची’ जुनी रीत कोणी करू लागला तर त्याचा हात धरा. बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळतं आणि इंजिनचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबलला तर हातच लावायचा नाही. १२ व्होल्टची छोटी बॅटरी तेवढी आपली.

नवी केबल बसवल्यावरचे आकडे मी पांढऱ्या रंगाने बोनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले आहेत: बॅटरी सेल्फ मारताना १०.४, इंजिन अर्थ ०.११, प्लस ०.२४. बॅटरीपासून बॉडीला जाणारी दुसरी छोटी अर्थिंग केबल अजून जुनीच आहे. ती त्याच पाण्यात होती. तिचा आकडा गेल्या महिन्यात ०.०६ होता, या आठवड्यात ०.०९. नवी केबल करायला टाकली आहे.